एसएसएच की चालत नाही? विंडोज, मॅक आणि लिनक्सवर कनेक्शन नेमकं कुठे अडतं, ते असं ओळखा

'परमिशन डिनाइड, पब्लिक की.' अंधेरीच्या सीप्झमध्ये काम करणारा इंजिनीअर असो, पवईच्या एखाद्या स्टार्टअपमधली डेव्हलपर असो किंवा मुलुंडच्या घरी बसून क्लाउड शिकणारा विद्यार्थी असो, ही ओळ कधी ना कधी प्रत्येकाच्या स्क्रीनवर येतेच.

त्यानंतर काय होतं, तेही ठरलेलं आहे. इंटरनेटवर सापडेल ती कमांड चिकटवली जाते. नवी की बनवली जाते. फायरवॉल सगळ्या जगासाठी उघडली जाते. आणि एवढं करूनही जमलं नाही, तर सहकाऱ्याला मेसेज जातो, "तुझी की व्हॉट्सॲपवर टाक ना जरा."

यातून कधीकधी कनेक्शन जुळतंही. पण ते कशामुळे जुळलं, हे कुणालाच कळत नाही आणि सर्व्हरचं एखादं दार मात्र कायमचं उघडं राहून जातं.

खरं तर एसएसएचच्या बहुतेक अडचणी तीनच ठिकाणी येतात. तुमचा लॅपटॉप सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही, समोरच्या सर्व्हरची ओळख पटत नाही किंवा सर्व्हरला तुमची ओळख पटत नाही. यातलं नेमकं काय झालंय, हे स्क्रीनवरचा संदेश बहुतेक वेळा सांगत असतो. म्हणून उपाय शोधण्याआधी तो संदेश नीट वाचणं हेच सगळ्यात महत्त्वाचं काम.

एसएसएच आलं कुठून?

दूरच्या कॉम्प्युटरवर काम करणं मुंबईच्या उपनगरांना नवं नाही. भारतात अर्नेट हे शैक्षणिक नेटवर्क १९८६ साली सुरू झालं. त्यातल्या पहिल्या आठ संस्थांमध्ये पवईची आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी, म्हणजे आजचं सी-डॅक मुंबई, या दोन्ही होत्या. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. तेव्हा शेल अकाउंट घेतलेल्यांना फक्त अक्षरांचा पडदा दिसायचा.

त्या काळी दूरच्या मशीनवर जायचं साधन होतं टेलनेट. त्याची मोठी खोट म्हणजे पासवर्ड तारेतून जसाच्या तसा जायचा. मध्ये कुणी ऐकत बसलं असेल, तर त्याला तो सरळ वाचता यायचा.

फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात असंच घडलं. तिथल्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले आणि त्यावर उपाय म्हणून तातू युलोनेन या संशोधकाने १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं. जुलै महिन्यात ते सगळ्यांसाठी खुलं झालं, म्हणजे व्हीएसएनएलच्या इंटरनेटच्या जेमतेम महिनाभर आधी. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट २१ होता, टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता, तो युलोनेन यांनी मागून घेतला. आजही एसएसएच त्याच पोर्टवर चालतं.

आज बहुतेक ठिकाणी वापरलं जातं ते ओपनएसएसएच. ओपनबीएसडीच्या मंडळींनी ते १९९९ मध्ये आणलं. लिनक्स आणि मॅकमध्ये ते आधीपासून असतं आणि विंडोज १० मध्ये २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून त्याचा क्लायंट सोबतच येतो. म्हणजे तिन्हीकडे प्रोग्राम साधारण एकच आहे. फरक पडतो तो फाइल कुठे ठेवली, तिच्या परवानग्या काय आणि की लक्षात कोण ठेवतं यात.

एक की नाही, दोन

एसएसएच की बनवली की दोन फाइल तयार होतात. एक प्रायव्हेट की, दुसरी पब्लिक की. दुसऱ्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'डॉट पब' असतं.

पब्लिक की म्हणजे कुलूप समजा. ते हव्या तितक्या सर्व्हरला लावा, गिटहबला द्या, सहकाऱ्याला मेल करा. कुलूप दाखवल्याने घर उघडत नाही. प्रायव्हेट की मात्र त्या कुलपाची किल्ली आहे आणि ती तुमच्याच मशीनवर राहायला हवी.

लॉगिन करताना प्रायव्हेट की सर्व्हरकडे जात नाही. त्या कनेक्शनपुरत्या माहितीवर तुमचा लॅपटॉप त्या कीने डिजिटल सही करतो आणि सर्व्हर आपल्याकडच्या पब्लिक कीने ती सही तपासतो. त्यामुळे सर्व्हर चालवणाऱ्या कुणी तुमची प्रायव्हेट की मागितली, तर मागणीच चुकीची आहे. त्याला फक्त पब्लिक की लागते.

सर्व्हरवर ही पब्लिक की तुमच्या होम फोल्डरमधल्या 'डॉट एसएसएच' या लपलेल्या फोल्डरात, 'ऑथराइज्ड कीज' नावाच्या फाइलमध्ये ठेवली जाते. एका ओळीत एक की. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढच्या बऱ्याच अडचणी त्या एका ओळीच्याच आहेत.

पहिली जागा: सर्व्हरपर्यंत पोहोचलात का?

उपनगरातल्या एखाद्या सोसायटीत कुणाकडे जायचं असेल, तर आधी गेटपर्यंत पोहोचावं लागतं, मग विंग बरोबर आहे का ते बघावं लागतं आणि शेवटी फ्लॅटची किल्ली चालावी लागते. गेटवरच अडलेल्या माणसाने किल्ली घासून काही उपयोग नसतो.

'कनेक्शन टाइम्ड आउट' असा संदेश आला, तर तुम्ही गेटबाहेर आहात. तुमची विनंती गेली, पण उत्तरच आलं नाही. बहुतेक वेळा मधल्या फायरवॉलने ती गुपचूप टाकून दिलेली असते. यात कीचा काहीही दोष नाही.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे वेगळी गोष्ट. मशीन सापडली, पण त्या पोर्टवर एसएसएच ऐकत नाही. सर्व्हरवरची एसएसएच सेवा बंद असेल, ती दुसऱ्या पोर्टवर लावलेली असेल किंवा तुम्ही भलत्याच मशीनवर पोहोचला असाल. मॅकमध्ये बाहेरून लॉगिन करायची सोय मुळात बंदच असते. सेटिंग्जमधल्या शेअरिंगमध्ये 'रिमोट लॉगिन' चालू करावं लागतं.

'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम' आलं, तर पत्ताच चुकला आहे. नावातलं एखादं अक्षर, जास्तीची स्पेस किंवा बंद असलेलं ऑफिसचं व्हीपीएन ही त्याची नेहमीची कारणं.

घरून काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतो तो 'टाइम्ड आउट'. अॅमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये सुरू झाला आणि इथल्या अनेकांचा पहिला सर्व्हर तिथेच उभा राहतो. तो उभा करताना फायरवॉलमध्ये 'माय आयपी' हा पर्याय निवडला, की फक्त त्या क्षणीच्या तुमच्या आयपी पत्त्याला प्रवेश मिळतो. हा पर्याय चांगलाच आहे. पण घरच्या ब्रॉडबँडचा आयपी राउटर बंद-चालू झाल्यावर बदलू शकतो आणि मोबाइल हॉटस्पॉट लावला तर तो बदलतोच. मग बोरिवलीत रात्री चाललेला सर्व्हर सकाळी ऑफिसला जाताना फोनवरून उघडत नाही. इलाज सोपा आहे, फायरवॉलच्या नियमात नवा आयपी टाका.

दुसरं कारण सर्व्हरच्या बाजूचं. अॅमेझॉनवरची मशीन बंद करून पुन्हा सुरू केली, की तिचा सार्वजनिक आयपी बदलतो. नुसतं रीबूट केलं तर बदलत नाही. कायमचा पत्ता हवा असेल, तर 'इलॅस्टिक आयपी' वेगळा घ्यावा लागतो. बिल वाचवायला रोज रात्री मशीन बंद करणारे विद्यार्थी इथे हमखास अडकतात.

तिसरं कारण म्हणजे कॉलेज किंवा ऑफिसचं वायफाय. अनेक ठिकाणी पोर्ट २२ बाहेर जाऊच दिला जात नाही. मोबाइल डेटावर चालतंय आणि वायफायवर नाही, असं दिसलं तर हेच समजा. गिटहबने यासाठी पोर्ट ४४३ वर एसएसएचची वेगळी सोय ठेवली आहे.

दुसरी जागा: समोरचा सर्व्हर तोच आहे का?

एसएसएचमध्ये ओळख दोन्ही बाजूंनी तपासली जाते. पहिल्यांदा जोडताना सर्व्हर आपला फिंगरप्रिंट दाखवतो आणि तुम्ही 'येस' म्हटलं, की तो तुमच्या मशीनवर 'नोन होस्ट्स' या फाइलमध्ये नोंदला जातो. पुढच्या वेळी वेगळा फिंगरप्रिंट आला, तर मोठ्या अक्षरांत इशारा येतो, 'रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड.'

याचे अर्थ दोन असू शकतात. सर्व्हर खरंच नव्याने बसवला आहे किंवा त्याच आयपीवर आता दुसरी मशीन आहे, हा एक. मध्ये कुणी तरी सर्व्हर असल्याचं सोंग घेऊन बसलंय, हा दुसरा. पहिला जास्त वेळा घडतो, म्हणून लोक दुसरा विसरतात.

२४ मार्च २०२३ रोजी हा इशारा जगभरातल्या हजारो डेव्हलपरनी एकाच दिवशी पाहिला. गिटहबची आरएसए होस्ट की काही वेळासाठी एका सार्वजनिक रेपॉझिटरीत उघडी पडली होती. कंपनीने खबरदारी म्हणून ती बदलली. भारतात तेव्हा शुक्रवारची सकाळ होती. जुनी आरएसए होस्ट की नोंदलेली होती त्या सगळ्यांचं काम थांबलं. इशारा खरा होता आणि कारणही खरं होतं.

अशा वेळी करायचं काय? आधी फिंगरप्रिंट दुसऱ्या मार्गाने तपासायचा. गिटहब तो आपल्या वेबसाइटवर देतं. ऑफिसचा सर्व्हर असेल, तर ॲडमिनला फोन करून विचारायचं. जुळला, तर 'एसएसएच-कीजेन' कमांडला डॅश आणि कॅपिटल आर जोडून फक्त त्या एका सर्व्हरची जुनी नोंद काढायची. सगळी 'नोन होस्ट्स' फाइलच उडवून टाकणं म्हणजे सोसायटीतल्या सगळ्या ओळखीच्या लोकांना पुन्हा अनोळखी करणं. पुढचा खोटा माणूसही त्यातून सहज आत येतो.

तिसरी जागा: 'परमिशन डिनाइड'

हा संदेश आला याचा अर्थ सर्व्हर सापडला, त्याची ओळख पटली, पण त्याने तुम्हाला आत घेतलं नाही. म्हणजे नेटवर्क आणि फायरवॉल दोन्ही ठीक आहेत. आता तिथे हात लावायचा नाही.

पहिली तपासणी युजरनेमची. कमांडमध्ये युजरनेम दिलं नाही, तर एसएसएच तुमच्या लॅपटॉपवरचं नाव सर्व्हरला सांगतं. उबुंटूच्या क्लाउड मशीनवर युजर 'उबुंटू' असतो, अॅमेझॉन लिनक्सवर 'ईसी२-युजर', तर डेबियनवर 'ॲडमिन'. की अगदी बरोबर असली, तरी नाव चुकलं की उत्तर 'डिनाइड'च.

दुसरी तपासणी, नेमकी कोणती की पाठवली जातेय? यासाठी कमांडला डॅश आणि लहान व्ही जोडा. एसएसएच आपण काय करतोय ते ओळीओळीने सांगू लागतं. त्यात 'ऑफरिंग पब्लिक की' ही ओळ शोधा. तुमच्या कीचं नाव तिथे नसेल, तर एसएसएचला ती सापडलेलीच नाही. नाव आहे आणि तरी नकार आला, तर अडचण सर्व्हरवरच्या 'ऑथराइज्ड कीज'मध्ये आहे. एवढ्या एका फरकाने निम्मा शोध संपतो.

तिसरी तपासणी, 'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स'. हा संदेश चार-पाच क्लायंटची कामं करणाऱ्या फ्रीलान्सरच्या खास वाट्याचा. लॅपटॉपवर आठ-दहा की साठल्या, की एसएसएच एकेक करून पुढे करत राहतं. सर्व्हर साधारण सहा प्रयत्नांनंतर दार लावतो. बरोबर की सातवी असेल, तर तिची पाळीच येत नाही. उपाय म्हणजे कॉन्फिग फाइलमध्ये त्या सर्व्हरसमोर त्याच्या कीचं नाव लिहून 'आयडेंटिटीज ओन्ली' हा पर्याय चालू करणं.

सर्व्हर नकाराचं खरं कारण तुम्हाला मुद्दाम सांगत नाही, कारण ते चोरालाही कळेल. ते त्याच्या लॉगमध्ये असतं. उबुंटूवर 'ऑथ डॉट लॉग'मध्ये, रेड हॅटच्या घराण्यात 'सिक्युअर' या फाइलमध्ये. सर्व्हर दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर त्याला तिथल्या शेवटच्या दहा ओळी बघायला सांगा.

विंडोजवर काय बिघडतं?

विंडोजवरची सगळ्यात नेहमीची चूक नोटपॅडची. की त्यात चिकटवून सेव्ह केली, की फाइलच्या नावामागे 'डॉट टीएक्सटी' लागतं. एक्सप्लोररमध्ये फाइलचे प्रकार लपवलेले असतील, तर ते दिसतही नाही.

दुसरी चूक पॉवरशेलची. विंडोजसोबत येणाऱ्या जुन्या पॉवरशेलमधून बाणाच्या चिन्हाने की फाइलमध्ये लिहिली, तर ती यूटीएफ-१६ या प्रकारात साठते. डोळ्यांना फाइल बरोबर दिसते, पण सर्व्हरला ती वाचता येत नाही.

तिसरी गोष्ट परवानग्यांची. प्रायव्हेट कीची फाइल मशीनवरच्या इतर युजरना वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं आणि 'अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल' असा इशारा देतं. विंडोजवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड इथे जाऊन वरून आलेल्या परवानग्या बंद करा आणि फक्त स्वतःचं नाव ठेवा.

पुटी वापरणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. सायमन टॅथम यांचा हा प्रोग्राम १९९९ पासून विंडोजवाल्यांचा आधार आहे. पण तो की स्वतःच्या 'पीपीके' प्रकारात ठेवतो. ती फाइल ओपनएसएसएचला चालत नाही, आधी पुटीजेनमधून रूपांतर करावं लागतं. शिवाय पुटीजेनमधलं 'सेव्ह पब्लिक की' हे बटण की अनेक ओळींत साठवतं. ती तशीच सर्व्हरवर टाकली, की 'सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की' ठरलेलंच. वरच्या चौकटीत दिसणारी एका ओळीतली की कॉपी करायची, बटण दाबायचं नाही.

विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये सी ड्राइव्हवरच्या फाइल साधारणपणे सगळ्यांना खुल्या दिसतात आणि तिथून परवानग्या बदलल्या, तरी बदलत नाहीत. की डब्ल्यूएसएलच्या स्वतःच्या होम फोल्डरात कॉपी करा आणि मग परवानग्या लावा.

आणि सर्व्हरच विंडोजचा असेल तर? ॲडमिनिस्ट्रेटर गटातल्या युजरची की त्याच्या होम फोल्डरातून वाचली जात नाही. ती 'प्रोग्रॅमडेटा'मधल्या एसएसएच फोल्डरात, 'ॲडमिनिस्ट्रेटर्स ऑथराइज्ड कीज' या फाइलमध्ये लागते. हे माहीत नसल्याने लोक तासन्‌तास योग्य की चुकीच्या जागी ठेवत बसतात.

मॅकवर काय बिघडतं?

मॅकवर डाउनलोड झालेली की इतरांना वाचता येईल अशी असते. टर्मिनलमध्ये 'सीएचमॉड ६००' ही कमांड त्या फाइलवर चालवली, की ती फक्त तुमच्यापुरती होते.

दुसरी तक्रार म्हणजे 'मॅक रीस्टार्ट केला, की की विसरतो'. पासफ्रेज लक्षात ठेवायचं काम मॅकचं कीचेन करतं, पण त्याला तसं सांगावं लागतं. कॉन्फिग फाइलमध्ये 'यूज कीचेन' आणि 'ॲड कीज टू एजंट' या दोन ओळी 'येस' केल्या, की काम झालं.

तिसरी अडचण आपल्या व्हॉट्सॲपच्या सवयीची. नोट्स किंवा चॅटमधून कमांड कॉपी केली, तर दोन छोट्या डॅशचा एक लांब डॅश झालेला असतो, सरळ अवतरणचिन्हं गोल झालेली असतात. डोळ्याला फरक कळत नाही, टर्मिनलला कळतो. अशी कमांड हाताने टाइप केलेली बरी.

लिनक्सवर काय बिघडतं?

इथे सगळा खेळ परवानग्यांचा. सर्व्हरवरचं 'डॉट एसएसएच' फोल्डर ७०० आणि 'ऑथराइज्ड कीज' फाइल ६०० असावी. होम फोल्डरमध्ये दुसऱ्या कुणाला लिहिता येत असेल, तरीही सर्व्हर की मानत नाही. कारण ज्याला फोल्डरात लिहिता येतं, त्याला फाइल बदलून स्वतःची की घालता येईल.

म्हणूनच 'सगळीकडे ७७७ मारून टाक' हा सल्ला एसएसएचच्या बाबतीत उलटा पडतो. होम फोल्डर ७७७ केला, की चालू असलेलं लॉगिनही बंद होतं.

दुसरं कारण अपडेटचं. ओपनएसएसएच ८.८ सप्टेंबर २०२१ मध्ये आलं आणि त्याने एसएचए-१ वर आधारलेल्या जुन्या आरएसए सह्या स्वीकारणं बंद केलं. हा बदल उबुंटू २२.०४ मधून लोकांच्या लॅपटॉपवर पोहोचला आणि वर्षानुवर्षं चाललेलं लॉगिन जुन्या सर्व्हरवर अचानक बंद पडलं. लहान व्ही लावून बघितलं, तर 'नो म्युच्युअल सिग्नेचर अल्गोरिदम' अशी ओळ दिसते.

लक्षात घ्या, आरएसए की बाद झालेली नाही, सहीची जुनी पद्धत बाद झाली आहे. खरा उपाय सर्व्हर अपडेट करणं. ते हातात नसेल, तर 'ईडी२५५१९' प्रकारची नवी की बनवा. ओपनएसएसएचमध्ये ती जानेवारी २०१४ पासून चालते. सर्व्हर त्याहूनही जुना असेल, तर जुनी पद्धत कॉन्फिगमध्ये फक्त त्या एका सर्व्हरपुरती सुरू ठेवा.

जोडलं, पण मध्येच तुटतं

वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात, की तुमचा आयपी बदलतो आणि जुनं कनेक्शन मरतं. काही न टाइप करता पाच-दहा मिनिटं गेली, तरी मधला राउटर किंवा मोबाइल कंपनीचं नेटवर्क ते विसरून जाऊ शकतं. कॉन्फिगमध्ये 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' ६० ठेवलं, तर एसएसएच दर मिनिटाला 'मी आहे' असं कळवत राहतं.

पण वीजच गेली तर? १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागेवर थांबल्या. लॉकडाउनमुळे तेव्हा असंख्य लोक घरूनच काम करत होते. घरचा राउटर बंद पडला, की दूरचा सर्व्हर सुरू असूनही त्यावरचं अर्धं झालेलं काम एसएसएचबरोबर मारलं जाऊ शकतं. यासाठी लांबलचक काम नेहमी 'टीमक्स'मध्ये सुरू करावं. तुमचं कनेक्शन गेलं, तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं आणि परत आल्यावर तिथूनच पुढे जाता येतं.

की हरवली तर?

अॅमेझॉन प्रायव्हेट की डाउनलोड करायची संधी एकदाच देतं. त्यांच्याकडे फक्त पब्लिक की राहते, त्यामुळे ग्राहक सेवेला फोन करून की परत मिळत नाही. शिवाय की एका विभागापुरती असते. मुंबई विभागात बनवलेली की सिंगापूरच्या यादीत दिसत नाही.

तरी सर्व्हर गेला असं नाही. मशीन थांबवून तिची मुख्य डिस्क दुसऱ्या मशीनला जोडायची, 'ऑथराइज्ड कीज'मध्ये नवी पब्लिक की लिहायची आणि डिस्क परत लावायची. थांबवण्याआधी एकच खात्री करा, डेटा मशीनच्या तात्पुरत्या 'इन्स्टन्स स्टोअर'वर नाही ना? तिथला डेटा मशीन थांबवताच जातो.

स्वतःला बाहेर कोंडून घेण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे एसएसएचच्या सेटिंगमध्ये घाईने बदल करणं. बदल करताना एक जुनं सेशन उघडंच ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करून बघा. ते चाललं, की मगच पहिलं बंद करा.

व्हॉट्सॲपवर की पाठवली, तर एवढं काय बिघडतं?

प्रायव्हेट की चॅटमध्ये गेली, की ती दोन फोनवर, दोघांच्या व्हॉट्सॲप वेबवर आणि कदाचित बॅकअपमध्येही राहते. मेसेज डिलीट केल्याने उतरवून घेतलेली फाइल जात नाही. त्या कीने कोण आत आलं, हे सर्व्हरच्या लॉगमधून सांगता येत नाही, कारण दोघांची ओळख एकच दिसते.

छोट्या टीममध्ये याची किंमत माणूस नोकरी सोडतो तेव्हा कळते. प्रत्येकाची की वेगळी असेल, तर 'ऑथराइज्ड कीज'मधली त्याची एक ओळ काढली, की विषय संपतो. सगळे एकच की वापरत असतील, तर प्रत्येक सर्व्हरवर, प्रत्येकासाठी ती बदलावी लागते. घाटकोपरमधल्या चार जणांच्या ऑफिसात हे काम 'नंतर बघू' म्हणून राहतं आणि गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर चालू किल्ली तशीच राहते.

प्रायव्हेट की चुकून कुठे पाठवली गेली असेल, तर ती फुटली असंच धरा. नवी बनवा, सर्व्हरवर लावा, चालते का ते तपासा आणि मग जुनीची ओळ काढा. नव्या कीला पासफ्रेज द्या, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला, तरी नुसत्या फाइलवरून कुणाला आत जाता येणार नाही.

थोडक्यात, शोध या क्रमाने घ्या

'टाइम्ड आउट' आलं, तर आयपी, फायरवॉल आणि वायफाय बघा, कीला हात लावू नका.

'रिफ्यूज्ड' आलं, तर सर्व्हरवर एसएसएच सुरू आहे का आणि पोर्ट बरोबर आहे का ते बघा.

'होस्ट आयडेंटिफिकेशन चेंज्ड' आलं, तर आधी फिंगरप्रिंट तपासा, मग फक्त तीच नोंद काढा.

'अनप्रोटेक्टेड' आलं, तर तुमच्या लॅपटॉपवरच्या प्रायव्हेट कीच्या परवानग्या बदला.

'परमिशन डिनाइड' आलं, तर युजरनेम, मग लहान व्ही, मग सर्व्हरवरची ती एक ओळ आणि तिच्या फोल्डरच्या परवानग्या.

आणि मदत मागायची वेळ आलीच, तर पूर्ण संदेश, वापरलेली कमांड आणि लहान व्ही लावल्यावर आलेल्या ओळी पाठवा. मदत करणाऱ्याला तेवढं पुरतं. प्रायव्हेट की त्याला कधीच लागत नाही.